कानातली हाक

१

सकाळच्या थेट कार्यक्रमात बोलता बोलता धाकटी बहीण खुर्चीवरून उठली, तेव्हा अक्का टीव्हीसमोर उभी राहून ब्लाउजला इस्त्री करत होती.

अक्काची धाकटी बहीण म्हणजे घराघरांतली "सकाळवाली". लोक तिच्या आवाजावर दूध तापवायचे, तिच्या आवाजावर पोरांचे डबे भरायचे. साडेसातच्या बातम्या झाल्या की जिन्यात पावलं वाजणार, इतकी लोकांना तिची सवय. अक्काला ती नुसती "छोटी". आई लवकर गेल्यामुळे छोटीची वेणीफणी, शाळा, लग्न सगळं अक्कानेच निस्तरलेलं. पडद्यावर छोटी हसली की अक्का मनातल्या मनात म्हणायची, केस जरा नीट बांध गं.

त्या सकाळी जाहिराती संपल्या. छोटी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "आता आपल्यासोबत आहेत बालरोगतज्ज्ञ. पावणेआठपर्यंत तुम्ही त्यांना..."

आणि थांबली.

अडखळणं वेगळं आणि थांबणं वेगळं. छोटीच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला. कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून ती उजवीकडे, कोणीतरी तिथे उभं असल्यासारखी बघायला लागली. मग उठली. पदराला लावलेल्या माइकची वायर ताणली, तुटली. ती चौकटीबाहेर गेली. डॉक्टर तोंड उघडं ठेवून बसले. शेजारचा सहनिवेदक एक क्षण थिजला, मग कसंबसं हसून म्हणाला, "छोटासा अडथळा... आपण पुढे जाऊ या."

करपल्याचा वास आला तेव्हा अक्काने खाली पाहिलं. इस्त्री ब्लाउजच्या आरपार गेली होती.

तिने फोन लावला. छोटीचा फोन बंद. निर्मात्याचा फोन लागला, तो धापा टाकत होता.

"अक्का, लगेच या. ती पार्किंगमध्ये आहे. एकेका गाडीच्या काचेला तोंड लावून आत बघतेय. कोणाला तरी शोधतेय, आणि कोणाला ते सांगत नाही."

२

अक्काने आयुष्यभर विमा कंपनीत दाव्यांची तपासणी केली होती. जळालेली गोदामं, चोरीला गेलेले दागिने, बुडालेल्या बोटी. माणूस खोटं बोलतो तेव्हा कुठे बघतो हे तिला माहीत होतं. पण छोटीला घरी आणून पलंगावर बसवलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत जे होतं ते अक्काने कुठल्याच दाव्यात पाहिलं नव्हतं.

"स्टुडिओत काय सांगितलंस?"

"चक्कर आली म्हटलं."

"आणि जावईबापूंना?"

"तेच. त्याला उगाच कशाला..." छोटीने दार लोटलेलं आहे ना ते पाहिलं. "अक्का, खारूने हाक मारली."

अक्काने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

खारू म्हणजे छोटीची मुलगी. गालात खाऊ साठवून ठेवायची म्हणून खारूताई, त्याचं खारू. सात वर्षांची असताना एका तापात गेली. त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर त्यांनी ते घर सोडलं, खेळणी वाटून टाकली, आणि ती गेली त्या सकाळचा विषय घरात कोणी काढायचा नाही असं न बोलता ठरून गेलं. छोटी दोन आठवड्यांत कामावर परतली होती. लोक म्हणाले, काय धीराची बाई! काही लोक दुसरंही म्हणाले.

"कुठून मारली हाक?"

"कानात. इथे." छोटीने उजव्या कानाला बोट लावलं. निवेदकांच्या कानात एक बारीक गोळी असते, तिच्यातून निर्माता सूचना देतो. "'आई, किती वेळ? ये ना आता.' तिचाच आवाज, अक्का. 'र' नीट यायचा नाही तिला, 'लवकल' म्हणायची. शेवटी म्हणाली, 'लवकल'. मला वाटलं ती कुठेतरी बंद आहे. गाडीत वगैरे. मी शोधायला गेले." तिने अक्काचा हात धरला. "मी वेडी झालेय का?"

"वेडी तू लहानपणापासूनच आहेस," अक्का म्हणाली. "पण भास होणाऱ्यातली नाहीस. डोळे मीट. पुन्हा ऐक. तिच्या आवाजामागे काही होतं?"

छोटीने डोळे मिटले.

"घंटा," ती म्हणाली. "दारावरची. कोकिळा ओरडल्यासारखी."

भुतं दारावरची घंटा वाजवत नाहीत. घंटा वाजली याचा अर्थ तो आवाज कुठल्या तरी घरात, कधीतरी, कोणीतरी टिपून ठेवला होता.

तेवढ्यात छोटीचा फोन थरथरला. वाहिनीचा निरोप होता. सोमवारी मालकांसमोर बैठक. तोवर कामावर यायचं नाही. येताना मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला आणायचा.

३

"तिच्या कानात बोलू शकतो असा या इमारतीत एकच माणूस आहे," निर्माता म्हणाला, "आणि तो मी आहे. आणि मी फक्त 'डॉक्टरांकडे वळ' एवढंच म्हणालो. पण तुम्ही हे का विचारताय?"

"चक्कर का आली ते शोधतेय," अक्का म्हणाली. हाक कोणालाही सांगायची नाही असं बहिणींचं ठरलं होतं.

निर्माता पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवणारा. हा कार्यक्रम त्याने उभा केला आणि छोटीलाही. त्याच्या केबिनमध्ये भिंतभर पडदे, सगळ्यांवर वेगवेगळ्या वाहिन्या मुक्या बडबडत होत्या.

"तुमच्या मनात तिच्या जागी दुसरं कोणी आहे?"

"मनात? अहो, रोज दहा जणी रांगेत असतात. पण तिच्यासारखी नाही." तो पुढे झुकला. "पोलाद आहे ही बाई. मुलगी गेली त्या दिवशीसुद्धा कार्यक्रम शेवटपर्यंत केला होता तिने."

"तिला कार्यक्रम संपल्यावर कळलं होतं ना?"

"हो. म्हणजे, संपल्यावरच." निर्मात्याने खुर्ची पडद्यांकडे फिरवली आणि कुठल्या तरी वाहिनीचा आवाज वाढवला. अक्काने ते पाहिलं, पण तेव्हा तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

सहनिवेदक मेकअपच्या खोलीत चेहरा पुसत बसला होता. अक्काला बघून उठून उभा राहिला. टेबलावर कागद होते, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. ते प्रश्न छोटीने विचारायचे होते.

"ती उठल्या उठल्या तुम्ही डॉक्टरांना प्रश्न विचारलेत," अक्का म्हणाली. "एकही अडखळला नाहीत. तुम्हाला आधीच माहीत होतं की काय, ती उठणार आहे?"

त्याचे कान लाल झाले.

"तिचे प्रश्न मीच लिहून देतो, अक्का. लहान मुलांचा विषय असला की. ती मला म्हणते, तू लिही, मला सुचत नाहीत. इतकी वर्षं चाललंय. निर्मात्यालाही माहीत नाही." त्याने कागद उलटे ठेवले. "लोकांना वाटतं मी तिच्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे. मला ती खुर्ची नकोय. डाव्या बाजूला बरं असतं, बाई."

"तुमच्या कानात काही ऐकू आलं?"

"काही नाही. फक्त 'डॉक्टरांकडे वळ'."

म्हणजे दोघं शेजारी बसलेले, दोघांच्या कानात गोळ्या, आणि हाक फक्त एकीलाच ऐकू आली.

४

ध्वनी विभागातला माणूस अबोल होता. पण खारूचं नाव काढताच त्याने न बोलता एक खण उघडला.

"बालदिनाच्या कार्यक्रमाला सगळ्यांची मुलं आली होती," तो म्हणाला. "तीही होती. हे मी पुसू शकलो नाही."

म्हणजे खारूचा आवाज या इमारतीतच होता! तो ज्याच्या ताब्यात, तो तिच्यासमोर बसला होता.

"कोणाकोणाला माहीत आहे हे?"

"निर्मात्यांना. आता तुम्हाला."

त्याने यंत्र चालू केलं. खोलीत खारू गायला लागली. चांदोबाचं काहीतरी, मध्येच विसरलेलं, मध्येच हसलेलं. अक्काने भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकलं. गाणं संपल्यावर टाळ्या, कोणीतरी म्हणालं "शाब्बास", आणि मग नुसती सुन्न शांतता. स्टुडिओतली शांतता वेगळीच असते. बाहेरचा एक आवाज आत येत नाही.

"हे सोडून तिचं आणखी काही आहे?"

"नाही."

"इथे रेकॉर्ड केलेल्यात दारावरची घंटा कधी ऐकू येईल का?"

तो प्रथमच हसला. "इथे घंटा वाजली तर माझी नोकरी जाईल."

अक्का बाहेर येऊन जिन्यावर बसली. तो खोटं बोलत असेल असं तिला वाटेना, आणि बोलला असता तरी घंटेचं कोडं सुटत नव्हतंच. हाक या इमारतीतली नव्हती. कोकिळेसारखी ओरडणारी घंटा एकाच दाराला होती, छोटीच्या जुन्या घराच्या. अक्काने कितीदा ती वाजवली होती. वाजवली की आतून खारू पळत यायची.

मग बाहेरच्या घरातला आवाज या बंद इमारतीत, एकाच बाईच्या एकाच कानात, पोचला तरी कसा?

५

छोटीच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. अक्का गेली तेव्हा तो एका म्हाताऱ्याच्या नाकावर फ्रेम बसवत होता. दोन्ही कानांमागे हात नेऊन, हळुवार, जसं कोणी लेकराची टोपी बांधावी. हा माणूस कधी आवाज चढवत नसे. खारू गेल्यावर तर त्याचा आवाज घरात असून नसल्यासारखा झाला होता.

"या अक्का, बसा." त्याने स्टूल पुढे केलं. "कशी आहे ती?"

"तुम्हीच सांगा, जावईबापू. तुमच्याच घरी आहे."

"झोपून असते. भिंतीकडे तोंड करून." तो एक भिंग पुसायला लागला. "मी म्हणतो, सोडू दे ना आता. पुष्कळ झालं."

"तिला नाही सोडायचं."

"तिला कधीच सोडायचं नसतं." भिंग पुसून लख्ख झालं तरी तो पुसतच राहिला. "खुर्चीत बसून राहायची तिची ताकद जगाने पाहिलीय. पण अक्का, कानात आवाज यायला लागल्यावर माणसाने तिथे बसू नये. घरी राहावं. मी बघेन तिचं."

"त्या वेळी तुम्ही टीव्ही बघत होतात?"

"मी दुकान उघडत होतो. शेजारचा धावत आला सांगायला."

त्याच्या पाठीमागे, चष्म्यांच्या फळीच्या वर, एक छोटा टीव्ही होता. बंद.

अक्का उठली. जाता जाता म्हणाली, "जुन्या घराची ती कोकिळेची घंटा आठवते का हो तुम्हाला?"

त्याच्या हातातलं भिंग खाली पडलं. फुटलं नाही. फरशीवर गोल गोल फिरत राहिलं.

६

रस्त्यावर आल्यावर अक्का दुकानाच्या पायरीशीच थांबली. चोर पकडताना तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण इथे पाणी मुरत होतं ते स्वतःच्याच घरात, आणि खणून बघायचं म्हणजे बहिणीचा संसारच उकरायचा. घरी जावं, छोटीला दाखला मिळवून द्यावा, चार दिवस डोंगरावर न्यावं. असं तिच्या मनात आलंही.

मग तिला काचेला तोंड लावून गाडीत बघणारी छोटी आठवली. तिने छोटीला फोन लावला.

"त्या सकाळी, जाहिराती चालू असताना काय काय झालं? चहा प्यालीस, केस सावरलेस, ते सगळं सांग."

"काही विशेष नाही. पावडर लावली. एक कॉलर होता, तो बोललाच नाही. मग निर्माता म्हणाला, डॉक्टरांकडे..."

"कोणता कॉलर?"

"अगं, प्रश्न विचारायला लोक फोन करतात ना? थेट कार्यक्रमात घेतले की घाबरतात बिचारे. म्हणून जाहिरातींच्या वेळात मी त्यांच्याशी दोन शब्द बोलून घेते. माझ्या कानात जोडून देतात. माझीच पद्धत आहे ती, दुसरं कोणी नाही करत. त्या दिवशी 'हॅलो, हॅलो' केलं, पलीकडे कोणी नाही. गेला असेल म्हटलं."

अक्का तिथूनच परत वळली.

फोन घेणारी मुलगी कॅन्टीनमध्ये सापडली. अक्काने विचारताच तिचे डोळे भरले.

"माझी चूक झाली, मावशी. तो बोलत नव्हता म्हणून मी दुसरा फोन उचलला, आणि त्याची लाइन ताईंच्या कानातून काढायची राहिली. कार्यक्रम सुरू झाल्यावर लक्षात आलं, तोवर त्याने ठेवूनही दिला होता. ताई उठून गेल्या त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही. मी गप्प बसले. नोकरी नवीन आहे माझी."

"माणूस कसा बोलत होता?"

"हळू. एकदम हळू. म्हणाला, मुलीबद्दल विचारायचंय. मी विचारलं, मुलगी किती वर्षांची? तर थांबला. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, सात." मुलीने डोळे पुसले. "आणि परत म्हणाला, सातच."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी, नवरा जेवायला घरी आला तेव्हा, अक्काने दोघांना समोरासमोर बसवलं. छोटीचे केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. इतक्या वर्षांत अक्काने तिला अशी पाहिली नव्हती.

"छोटे, तू ठणठणीत आहेस," अक्का म्हणाली. "हाक खरी होती. खारूचाच आवाज होता, जुना, जुन्या घरात टिपलेला. मागे वाजली ती तुमच्याच दाराची घंटा. तो आवाज फोनवरून तुझ्या कानात सोडला. ज्याने सोडला त्याच्याकडे तो आवाज होता, म्हणजे तो त्या घरात राहत होता. जाहिरातींच्या वेळात तू कॉलर कानात घेतेस हे त्याला माहीत होतं. तुझ्या दिवसभराच्या गोष्टी तू कोणाला सांगतेस? आणि तिसरी गोष्ट. तू जगाला सांगितलंस, चक्कर आली. हाकेचं फक्त मला. पण काल दुकानात मला एक माणूस म्हणाला, कानात आवाज यायला लागल्यावर तिथे बसू नये."

छोटीने हळूहळू मान वळवली. नवऱ्याने ताटाकडे बघत हात धुतल्यासारखे एकमेकांवर चोळले.

"तू?" छोटी म्हणाली. "तू... मी चार दिवस... मला वाटलं माझं डोकं फिरलं! मी तुझ्या शेजारी झोपले होते आणि तू..."

"हो," तो म्हणाला. "मीच केलं."

"खुर्चीवरून उठवायला मला? घरी बसवायला?"

"नाही!" तो ओरडला. अक्काने त्याचा चढलेला आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकला. "घरी बसवायचं नंतर सुचलं. मला बघायचं होतं. तू उठतेस का, एवढंच बघायचं होतं! त्या दिवशी मी हॉस्पिटलमधून फोन केला होता. डॉक्टर म्हणाले, आईला बोलवा, लगेच. मी स्टुडिओत फोन लावला. सांगितलं, तिला सांगा, मुलगी बोलावतेय, वेळ नाहीये. पाच मिनिटांनी परत लावला. म्हणाले, निरोप दिलाय. कॉरिडॉरमध्ये टीव्ही होता. त्याच्यावर तू होतीस. हसत होतीस. कुठल्या तरी नटाला आंब्याच्या... काय ते, कसली तरी पाककृती विचारत होतीस. आत ती 'आई, आई' करत होती आणि तू बाहेर टीव्हीवर हसत होतीस! पंचवीस मिनिटं हसत होतीस."

त्याने ताट बाजूला सारलं.

"इतकी वर्षं रोज सकाळी मी ते हसू बघतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "वाटलं, एकदा तिची हाक पुन्हा पोचवू. या वेळी तरी उठते का बघू."

छोटी त्याच्याकडे अशी बघत होती, जणू तो परक्या भाषेत बोलतोय.

"कसला निरोप?" ती म्हणाली.

अक्का ताडकन उभी राहिली. निर्मात्याची खुर्ची तिच्या डोळ्यांसमोर फिरली. 'हो. म्हणजे, संपल्यावरच.'

"जावईबापू," ती म्हणाली, "तुम्ही परीक्षा घेतलीत. निकाल बघितलात का? ही उठली. लाखो लोकांसमोर, अर्ध्या वाक्यात, वायर तोडून उठली. कशासाठी? जी आता नाही हे माहीत असलेल्या लेकीच्या नुसत्या आवाजासाठी. आणि तुम्हाला वाटतं, जिवंत लेकीचा निरोप कानात आल्यावर हीच बाई पंचवीस मिनिटं बसून राहिली असती?"

नवरा छोटीकडे वळला.

"मला कार्यक्रम संपल्यावर सांगितलं," छोटी पुटपुटली. "गाडीत बसवलं, तेव्हा सांगितलं. मला वाटलं, तू फोनच उशिरा केलास. धावपळीत राहून गेलं असेल. म्हणून तुला कधी विचारलं नाही. तुला लागेल म्हणून... विचारलं नाही कधी."

८

निर्माता केबिनमध्येच होता. तिघं आत आले तेव्हा त्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि छोटीचा चेहरा पाहून पुन्हा वर सरकवला.

छोटीने बसायला नकार दिला. "ती गेली त्या दिवशी, कार्यक्रम चालू असताना, याचा फोन आला होता?"

निर्मात्याने अक्काकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

"आला होता."

"आणि?"

"तू ऑन एअर होतीस. पहिल्यांदाच आपला कार्यक्रम सगळ्या वाहिन्यांत वर होता त्या आठवड्यात." तो भराभर बोलायला लागला. "मला वाटलं, ताप आहे, मुलांना येतो ताप. अर्ध्या तासाने काय बिघडणार? संपू दे, मग सांगू. मूल जाईल असं कोणाच्या मनात आलं होतं? देवाशपथ, मला वाटलं नव्हतं..."

"दुसऱ्यांदा फोन केला मी," नवरा म्हणाला. "तुम्ही म्हणालात, निरोप दिलाय."

"म्हणालो."

"का?"

"तुम्ही पुन्हा पुन्हा फोन केला असतात." निर्मात्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "त्या दिवसापासून मी तिला कधी काही कमी पडू दिलं नाही. विचारा तिला. दर वर्षी तिच्यासाठी भांडलो मी मालकांशी. तिला पोलाद म्हणतात लोक, ते मी म्हणायला लावलं."

भिंतीवरच्या पडद्यांवर माणसं ओठ हलवत होती. छोटीने समोरचं पारितोषिकांचं काचेचं कपाट पाहिलं, आणि अक्काला वाटलं, आता ही फोडणार. पण ती नुसती वळली आणि बाहेर गेली. तिच्या पाठोपाठ अक्काही.

नवरा तिथेच भिंतीला टेकून खाली बसला.

सोमवारच्या बैठकीत अक्काने मालकांसमोर सगळं ठेवलं. कोणी दाखला मागितला नाही. निर्मात्याने स्वतःहून राजीनामा दिला असं वाहिनीने जाहीर केलं, आणि सहनिवेदकाने ती बातमी वाचताना एकदाही वर पाहिलं नाही. छोटीला खुर्ची परत देऊ केली. तिने ती घेतली नाही. पुढे ती दुपारच्या बातम्यांना बसायला लागली. दुपारी कोणी हसायला सांगत नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी, केबिनमधून निघाल्यावर, दोघी बहिणी पार्किंगमध्ये गाडीत येऊन बसल्या. छोटीने हुंदका दिला आणि मग तिला थांबताच येईना. इतक्या वर्षांचं साठलेलं, तोंडावर पदर न घेता, रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल असं ती रडली. अक्काने पाठीवर हात ठेवला.

बऱ्याच वेळाने छोटी सावरली.

"निघू या?" अक्काने विचारलं.

"तो आत आहे अजून."

"राहू दे त्याला. तुला वेडी ठरवायला निघाला होता."

"हो." छोटीने नाक पुसलं. "ते मी त्याला कधी माफ करणार नाही."

अक्काने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. छोटी समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"अक्का, तिच्याजवळ त्या दिवशी तो एकटाच होता गं," ती म्हणाली. "तिची शेवटची हाक त्याने एकट्याने ऐकली."

तिने दार उघडलं आणि त्याला आणायला गेली.